पंधरा चेहरे आणि दोन हात

मी पेंटर. आर्टिस्ट नाही, पेंटर. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या नवी मुंबईत हल्ली हातात ब्रश धरला की माणूस आर्टिस्ट होतो आणि चहासुद्धा बिनसाखरेचा मागतो. मी पस्तीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या. तुर्भ्यापासून ऐरोलीपर्यंत किराणा, गिरणी, सायकलवाला, दवाखाना, सगळ्यांची नावं माझ्या हातची. पट्टी न लावता सरळ रेघ मारायचो. लोक थांबून बघायचे आणि मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू? मग फ्लेक्स आला आणि एका रात्रीत छापून मिळायला लागला. माझ्या पाट्या एकेक करून उतरल्या. मी नंबर प्लेटी रंगवल्या, बिल्डिंगांच्या जिन्यावर 'येथे थुंकू नये' लिहिलं, आणि चिडचिडा झालो. बायको म्हणते, आधीही होतात. ते जाऊ दे.

आम्ही राहतो कोपरखैरण्यात, माथाडी कामगारांच्या सोसायटीत. माझे वडील, त्यांना सगळे तात्या म्हणतात, वाशीच्या कांदा-बटाट्याच्या मार्केटात पोती उचलायचे. आमच्या सोसायटीतली निम्म्याहून जास्त म्हातारी माणसं तेच काम करून रिटायर झालेली, बहुतेक साताऱ्याकडची. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्याला आमची मोठी कंपाउंड भिंत आहे, चांगली शंभर पावलं लांब. तिच्यावर पानाच्या पिचकाऱ्या, 'भाड्याने देणे आहे'चे कागद आणि खाली ओल. तर सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठरलं, पूजेच्या आधी भिंत रंगवायची. दरवर्षी आमच्याकडे सत्यनारायणाची पूजा असते, जेवण असतं, त्या दिवशी भिंत दिसली पाहिजे झकास.

सेक्रेटरी म्हणाला, "सिंपल आहे. फ्लेमिंगो काढू. सगळीकडे तेच चाललंय."

माझं डोकंच फिरलं. खाडीत फ्लेमिंगो येतात, छान दिसतात, माझं काही वाकडं नाही त्यांच्याशी. पण पुलाखाली फ्लेमिंगो, शाळेवर फ्लेमिंगो, कचरापेटीवर फ्लेमिंगो! मी उभा राहून म्हणालो, "फ्लेमिंगोनं कधी कांद्याचं पोतं उचललंय का? ही भिंत कुणाच्या घामाची आहे? ज्यांची आहे त्यांनाच काढा की."

"मग तूच काढ," सेक्रेटरी म्हणाला. त्याला वाटलं मी गप्प बसेन.

"काढतो," मी म्हणालो. घरी आल्यावर पंचाईत लक्षात आली, कारण मी अक्षरांचा माणूस. माणसं मी आयुष्यात दोनच रंगवली होती. एक ब्युटी पार्लरच्या पाटीवरची बाई, ती प्रत्येक पार्लरला तीच, फक्त केसांचा रंग बदलायचा. आणि दुसरा व्यायामशाळेचा मारुती.

पण शब्द दिला होता. भिंत घासली, प्रायमर मारला. दोरीला निळीची भुकटी लावून सरळ रेघा पाडल्या, चौकोन आखले. चित्र मनात पक्कं होतं. डाव्या टोकाला कांद्याचा ट्रक, उजव्या टोकाला गोदाम, आणि मधे तात्यांची टोळी. टोळी म्हणजे मार्केटात एकत्र काम करणाऱ्यांचा गट; तात्यांच्या टोळीत सोळाजण होते. सोळाही माणसं माणसाएवढ्या उंचीची, त्यातली चौदा पाठीवर पोतं घेऊन ट्रकपासून गोदामाकडे चाललेली. ट्रकाशी पुढचं पोतं तात्यांच्या पाठीवर चढतंय आणि ते चढवणारा त्यांचा जोडीदार मागे उभा.

अंगं छान जमली. पाठीचा बाक, पायाच्या पोटऱ्या, डोक्याला गुंडाळलेला टॉवेल, कंबरेला खोचलेला हूक. हे मी लहानपणापासून बघितलेलं, हात आपोआप चालला. मग फळीवर चढून एकेक चेहरा घेतला. रोज दोन, कधी तीन. खाली येणारे-जाणारे म्हणायचे, वा वा, पेंटर, एक नंबर. मी फुगत होतो. सोळावा चेहरा झाला त्या दुपारी बायको डबा घेऊन आली. डबा मला देऊन तिनं रस्ता ओलांडला, पलीकडच्या फुटपाथवर उभी राहिली, आणि कमरेवर हात ठेवून हसायलाच लागली.

"अहो, जरा इकडं या."

"काय झालं?"

"या तर खरं. तिथनं दिसायचं नाही."

मी पलीकडे गेलो. वळून बघितलं आणि हातातली पोळी हातातच राहिली. भिंतीवर सोळा तात्या चालले होते! तेच नाक, तीच भुवई, तीच खालचा ओठ दुमडायची सवय. एकाला मिशी जाड, एकाला बारीक, एकाचे केस पांढरे, पण माणूस एकच. नाकाला नाक लावून रंगवताना मला कळलंच नव्हतं. हमालाचा चेहरा म्हटलं की माझ्या हाताला एकच चेहरा माहीत होता. पार्लरची बाई जशी एक, तसा माझा हमालही एकच.

संध्याकाळपर्यंत सगळ्या सोसायटीला कळलं. तिसऱ्या मजल्यावरचे एक आजोबा काठी टेकत आले, स्वतःला शोधलं, आणि म्हणाले, "अरे, मी ह्या तुझ्या बापासारखा दिसतो? मला तर बायका वळून बघायच्या!" दुसऱ्या एका आजोबांच्या सूनबाई चिडल्या. "म्हणजे टोळीत तुमचेच वडील काम करत होते, बाकीचे काय टाळ्या वाजवत होते?" सेक्रेटरी लांबून बघून म्हणाला, "फ्लेमिंगो सगळे सारखेच दिसतात, कुणी कम्प्लेंट करत नाही."

मी ब्रश बादलीत आपटला. "पांढरा मारतो सगळ्याला! काढा तुमचे पक्षी!" असं म्हणून घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडलो. लाज वाटत होती, म्हणून राग येत होता. माझं नेहमीचंच ते.

तात्या ऐंशीला टेकलेले, बोलतात कमी. खाटेवर बसल्या बसल्या म्हणाले, "चूक तुझीच हाय. लोकास्नी बोलव. ज्याचं तोंड त्यानं आनून दाखवावं."

दुसऱ्या दिवशी मी चेहऱ्यांवर पांढरा फिरवला आणि फाटकाशी स्टूल टाकून बसलो. आणि लोक आले हो! जे हयात होते ते स्वतः येऊन उन्हात खुर्चीवर बसले, दाढी करून, पावडर लावून. जे गेले त्यांचे फोटो आले. कुणी मतदानाचं कार्ड आणलं, कुणी लग्नाचा अल्बम, कुणी देव्हाऱ्याशेजारचा हार घातलेला फोटो भिंतीवरून काढून छातीशी धरून आणला. एका बाईनं तर नातवाला पुढे केलं. "ह्यांचा फोटो पुसट झालाय, पण ह्याचं नाक बघून काढा, हुबेहूब आज्यावर गेलंय." मी पुन्हा चौकोन आखले. ह्या खेपेला प्रत्येक चेहऱ्यानंतर खाली उतरायचो, रस्ता ओलांडायचो, बायको शेजारी उभी राहायची आणि सांगायची. "ह्यांचे कान मोठे होते." "हे असे रागीट नव्हते, हसवा जरा." तिचा डोळा माझ्याहून पक्का आहे, हे मला तिला सांगावं लागलं. तिनं ते दोनदा म्हणवून घेतलं.

चौदा चेहरे ओळखू यायला लागले. पंधरावे तात्या, त्यांना तर काय मी झोपेत काढीन. राहिलं एक डोकं. ट्रकाशी उभं, तात्यांच्या मागे, पांढरं, कोरं.

तो तात्यांचा जोडीदार. दोघं एकाच गावचे, एकाच दिवशी मार्केटात लागलेले. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, मागच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्याला राहतात. काकू सगळ्यांच्या शेवटी आल्या, रिकाम्या हातानं. पदर डोक्यावर, भिंतीसमोर उभ्या राहून सगळी रांग बघितली. मग त्या कोऱ्या डोक्यापाशी थांबल्या.

"हे माझं मानूस न्हवं का?"

"हो काकू. फोटो द्या, उद्याच काढतो."

"फोटू असता तर आणला नसता का, लेका? एकदा पावसाचं पानी घरात शिरलं, ट्रंक भिजली. कार्ड, कागद, समदं लगदा झालं. लग्नात फोटू काढायला हुतं कोन? आन हितं कुनी फोटू काढाया आलं की ह्ये उठून च्या आनायला जायाचं."

पूजेला आठ दिवस राहिले होते. मी म्हणालो, तुम्ही सांगा, मी काढतो. वहीवर पेन्सिलनं काढून दाखवलं. "हे न्हवं." परत काढलं. "न्हाई रं." सोसायटीतले चारजण जमले आणि जे ते शहाणे. एक म्हणे नाक बसकं होतं, दुसरा म्हणे छे, सरळ. एक म्हणे मिशी, एक म्हणे मिशी कधी ठेवलीच नाही. तात्यांना विचारलं तर ते म्हणाले, "त्याचं तोंड मला सांगता यायचं न्हाई." मला स्वतःला आठवायला हवं होतं की नाही? पण मला त्यांची टाळू तेवढी आठवे, कारण गणपतीच्या मिरवणुका मी त्यांच्या खांद्यावर बसूनच बघितल्या होत्या. काकू वहीकडे बघत राहिल्या आणि शेवटी म्हणाल्या, "डोळं मिटलं की दिसत्यात. सांगाया गेलं की जात्यात." आणि उठून गेल्या.

त्यानंतर काकू बाजाराला जाताना भिंतीकडून जायच्याच बंद झाल्या. मागच्या गल्लीतून वळसा घालून जायच्या. हे मला बायकोनं सांगितलं. माझा जीव तुटला. पंधराजणांची घरं रोज भिंतीपाशी उभी राहून आपापला माणूस दाखवतायत, आणि ह्या बाईचा माणूस म्हणजे पांढरा डाग. सेक्रेटरी तोडगा घेऊन आला. "असं कर, कुठलाही एक चेहरा काढ. कोणाला कळणार?" मी म्हणालो, "काकूंना कळेल." तो म्हणाला, "मग त्या माणसालाच उडव. पंधरा काय, सोळा काय." मी काय बोललो ते इथे लिहीत नाही. पण तो गेल्यावर वाटलं, पूजेच्या दिवशी पांढरा डाग ठेवणं जास्त वाईट की माणूस उडवणं? मला खरंच कळेना.

पूजेला दोन दिवस उरले तेव्हा तात्या स्वतः काठी घेऊन खाली आले. भिंत पूर्ण झाल्याशिवाय बघणार नाही म्हणून बसले होते, पण बायकोनं त्यांना सगळं सांगितलं असणार. त्यांनी रांग बघितली, कुणाकुणाकडे बघून हसले. आपल्या स्वतःच्या चेहऱ्याकडे बघितलंही नाही. मग कोऱ्या डोक्यापुढे उभे राहिले आणि म्हणाले, "हे असं नसतंच."

"काय नसतं?"

"वाक तू."

"तात्या, लोक बघतायत."

"वाक म्हनतो ना!"

मी वाकलो. गुडघ्यावर हात टेकून, त्यांनी दाखवलं तसा. मागे भिंतीच्या पुट्टीची निम्मी उरलेली पिशवी पडली होती. बायको ओरडली, "अहो मामंजी, नका, कंबर जाईल!" पण तेवढ्यात पिशवी माझ्या पाठीवर आली. आली म्हणजे कळलीसुद्धा नाही, आपटली नाही, बरोबर दोन खांद्यांच्या मधे टेकली. मग पिशवीवर दोन थापा पडल्या. थप, थप.

"दोन थापा म्हंजी बसलं, चल. एक थाप म्हंजी थांब, सरकलंय. आमी बोलायचो न्हाई, दम जातो." तात्या मागून म्हणाले. "आता सांग, मी दिसतो का तुला?"

"नाही."

"मलाबी त्यो कधी दिसला न्हाई. बत्तीस वर्सं मागं हुता. पोतं वर यायचं, थापा पडायच्या, मी चालायचो. त्याचं तोंड पोत्याच्या मागं. समोरून बघनाऱ्यालाबी दिसायचं न्हाई. दिसायचे ते हात."

मी वाकलेलाच होतो. पाठीवर पिशवी, आणि डोळ्यात पाणी. लहानपणापासून मी मार्केटात जात होतो आणि एवढं मला दिसलं नव्हतं. पोतं उचलणारा माणूस काढायचा आणि त्याचं तोंड लोकांना दाखवायचं, हे फोटोवाल्याचं चित्र झालं. कामाचं चित्र तसं नसतं.

"तात्या, पिशवी घ्या की आता."

"घेतो. माझं तोंड जरा बारीक केलंस तरी चालंल. त्याचं हात मोठं काढ."

मी त्याच दुपारी ते कोरं डोकं झाकलं. तिथे पोतं वर घेतलं, फुगलेलं, जाळीतून लाल कांदे दिसणारं, शिवण जरा उसवलेली. आणि पोत्याच्या दोन्ही बाजूंनी दोन हात. डावा खालून पोत्याला आधार देणारा, उजवा वर, थाप मारायला उचललेला. तात्या खुर्ची टाकून बसले आणि सांगत गेले. बोटं आखूड, जाड. उजव्या अंगठ्याचं नख काळं आणि मधे चिरलेलं, ट्रकाचा फाळका पडला होता त्यावर, परत सरळ आलंच नाही. मनगटाची हाडं मोठी. मी पाट्यांवरची अक्षरं जशी भरायचो तसे ते हात भरले, एकेक शीर, एकेक भेग. माझ्या आयुष्यात मी कुठल्या अक्षरावर एवढा वेळ घालवला नाही.

बायको काकूंना आणायला गेली. येईनात. मग तात्यांनी निरोप पाठवला की वहिनी, मी बोलावलंय. तेव्हा आल्या, नाराजीनंच.

"काय भावजी?"

तात्यांनी काठीनं दाखवलं. काकूंनी बघितलं. मग पुढे झाल्या, इतक्या पुढे की माझा रंग ओला होता म्हणून मी ओरडणार होतो, पण बायकोनं माझा हात दाबला. काकू त्या अंगठ्याकडे बघत होत्या.

"ह्ये नख," त्या म्हणाल्या. "वरसातनं दोनदा माझ्या लुगड्यात अडकायचं." मग एकदम माझ्याकडे वळल्या, आवाज चढवून. "आन इंचू कुठाय?"

"कसला विंचू?"

"डाव्या मनगटावर गोंदलेला! जत्रंत गोंदून घेतला हुता. भावजी, तुमी विसरला?"

तात्या कपाळावर हात मारून म्हणाले, "माझ्या मागं हुता वहिनी, मला काय दिसतंय!"

मी बारीक ब्रश घेतला. काकू शेजारी उभ्या राहून सांगत होत्या, आणि ज्यांना वहीवरचं एक नाक सांगता आलं नव्हतं त्यांना विंचवाचा पाय न् पाय पाठ होता. "नांगी हिकडं न्हाई, अंगठ्याकडं. वाकडी. त्यो गोंदनारा दारू प्यालेला हुता." मी नांगी वाकडी केली. काकू म्हणाल्या, "हां." एवढंच. मला पस्तीस वर्षांत कुणी दिलेली ती सगळ्यात मोठी शाबासकी आहे आणि मी ती कुणालाही सांगत सुटतो.

पूजेच्या दिवशी, आदल्या रात्री भिंतीवर टांगलेल्या चादरी काढल्या. सगळी सोसायटी खाली. मार्केटातले जुने लोक आले, रस्त्यावरचे रिक्षावाले थांबले. पंधरा घरांनी आपापल्या माणसाखाली उभं राहून फोटो काढले. तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा स्वतःच्याच चित्राशेजारी छाती काढून उभे राहिले आणि म्हणाले, आता बघा बायका वळून बघतात की नाही. सेक्रेटरीनं माईकवरून भाषण केलं की ही कल्पना सोसायटीची होती. खरं सांगतो, मी त्या दिवशी इतका खूश होतो की त्याला मिठीसुद्धा मारली असती. चित्राच्या कोपऱ्यात पेंटर लोक नाव आणि मोबाईल नंबर टाकतात. मी पहिल्यांदाच काही टाकलं नाही. भिंत माझी म्हणून ओळखायला मला नंबराची गरज वाटली नाही.

प्रसाद वाटून झाला, गर्दी पांगली, तेव्हा काकू आल्या. नवं लुगडं, कपाळाला बुक्का. त्या सरळ ट्रकापाशी गेल्या. भिंतीकडे पाठ करून त्या दोन हातांच्या बरोबर खाली उभ्या राहिल्या, पदर नीट केला, आणि माझ्या बायकोला हाक मारली.

"पोरी, तुझ्या मोबाइलात माझा एक फोटू काढ."

बायकोनं मोबाइल वर धरला. "काकू, थोडं पुढं या, तुमचा चेहरा मोठा येईल."

"पुढं कशाला?" काकू म्हणाल्या आणि उलट एक पाऊल मागे सरकल्या, भिंतीला टेकल्या. "जोडीनं काढ."